गामगोलचा भोंगा

सेऊल, ९ मार्च २००४

सुनदोक आत्या,

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही ते दोनदा उलटंपालटं केलं असेल. मी मिरान, तुमच्या चुलतभावाची धाकटी मुलगी. आजीच्या साठीला गामगोलला आले होते आणि तुमच्या अंगणातल्या पाण्याच्या घंगाळात पडले होते, तीच. बाबांना न सांगता लिहितेय. गावाचं नाव काढलं की ते जेवणावरून उठतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

मी चित्रपटांत काम करते. पडद्यावर दिसत नाही. माझं काम सांधे जुळवण्याचं. एका शॉटमध्ये नटाची वाटी अर्धी असेल तर पुढच्या शॉटमध्ये ती भरलेली दिसू नये, लावलेलं बटण आपोआप उघडू नये, हे बघत मी कोपऱ्यात बसते. चूक झाली नाही तर माझी कुणाला आठवण होत नाही. झाली, तर सगळ्यांना होते.

यंदा पहिल्यांदाच सगळी जबाबदारी माझ्या एकटीवर आली आहे. चित्रपट १९७४ सालच्या एका खेड्यातला आहे, तुमच्याच बाजूचा. जुन्या काळची एक गोष्ट आहे असं समजा. हल्ली प्रेक्षक फार वाईट झालेत. खुर्चीत बसतात ते चुका वेचायलाच. त्या काळात सरकार कुणाचं होतं ते पुस्तकात मिळतं, पण स्वयंपाकघरात खिळ्याला काय टांगलेलं असायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही सांगाल का? काय खायचात, संध्याकाळी काय करायचात, काहीही चालेल.

तुमची,
मिरान


गामगोल, २० मार्च २००४

मिरान,

घंगाळात पडली ती तू नव्हेस, तुझी थोरली बहीण. तू काठावर उभी राहून हसत होतीस. सांधे जुळवतेस म्हणे. मग सुरुवात इथूनच कर.

आता ऐक. पहिलं म्हणजे भात पांढराशुभ्र दाखवू नकोस. तेव्हा तांदूळ वाचवायला सरकारच्या हुकमाने भातात जव मिसळावे लागत, नाहीतर शाळेत मास्तर डबा उघडून बघायचे आणि पोरांना उभं करायचे. स्वयंपाकघर खोलीपेक्षा दोन हात खाली असतं, त्यामुळे बाईचं डोकं खोलीतल्या माणसाच्या गुडघ्याशी येतं. हे तुमच्या दिग्दर्शकाला नीट सांग. चित्रपटातल्या बायका सगळ्या एकाच जमिनीवर चालतात, मला बघवत नाही. खिळ्याला वाळक्या भोपळ्याचा तुंबा आणि ॲल्युमिनियमची किटली. आमच्या किटलीला डाव्या अंगाला मोठा पोचा होता. धाकट्या भावाने लहानपणी ती विहिरीत टाकली आणि मग आईचा मार चुकवायला स्वतःही विहिरीत उतरून बसला. पोचा काही निघाला नाही. आई त्या बाजूला 'किबेकची बाजू' म्हणायची.

ऑक्टोबरच्या शेवटी झाडांवरून गामची टोमॅटोएवढी फळं उतरतात. मग ती सोलायची आणि सुकवायला दोऱ्याला बांधून वळचणीखाली टांगायची. एका घरचं काम नव्हे ते. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. दिवे लावून पार पहाटेपर्यंत सोलत बसायचो, आणि रस्त्यावर सारखी ये-जा चालायची. सोललेलं फळ पहिल्या दिवशी केशरी असतं, महिन्याभरात काळपट होतं. एवढं सांभाळ. तिथे चुकलीस तर आख्खा तालुका तुला हसेल.

भावाबद्दल तू काही विचारलं नाहीस, ते बरं केलंस.

जेवत जा नीट. तुझ्या अक्षरावरून तू वाळलेली वाटतेस.

सुनदोक आत्या


चित्रीकरणाच्या मुक्कामावरून, २ नोव्हेंबर २००४

आत्या,

तुमचं पत्र इथे सगळ्यांनी वाचलं. कला विभागातल्या पोरांनी नवी किटली आणली आणि हातोडीने डाव्या बाजूला पोचा पाडला. दिग्दर्शक इतका खूश झाला की तिच्यासाठी वेगळा शॉट लावलाय. स्वयंपाकघरही दोन हात खाली केलं. नटीचं डोकं चौकटीच्या खाली जातं म्हणून कॅमेरावाला रोज कुरकुरतो.

गामने मात्र जीव घेतला. एका शॉटमध्ये मागची माळ केशरी आणि कॅमेरा फिरवून पुढचा शॉट घेतला की काळपट. मी ओरडले तेव्हा तीन तास झाले होते. सगळं पुन्हा घेतलं. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. गोष्टीत एक खून आहे. त्यासाठी हाम नावाचे निवृत्त पोलीस अधिकारी सल्ल्याला आणलेत. खुर्चीत मांडीवर घोंगडी घेऊन बसतात, आणि ते उठले की सगळे उठतात. त्या रात्री काय कसं घडलं ते त्यांनी आम्हाला ओळीने सांगितलं, आणि आम्ही तसंच घेतोय. भीतीच वाटते त्यांचं ऐकताना.

चित्रपट लागला की तुम्ही बघाल ना? की नकोच? काहीही केलंत तरी बरं वाटेल.

मिरान


गामगोल, ३ जून २००५

मिरान,

काल तालुक्याच्या सांस्कृतिक भवनात तुझा चित्रपट दाखवला. मी आठ दिवस गावभर सांगत होते, माझ्या भाचीने केलाय म्हणून. ट्रॅक्टरच्या मागे बसून आम्ही चौदा बायका गेलो. मी पहिल्या रांगेत बसले, तुझ्या चुका काढायला चष्मा पुसून.

सुरुवातीला मजा आली. जवाचा भात होता. बायका खालून बोलत होत्या. मग मध्यरात्रीचा भोंगा झाला, रस्ता एका क्षणात ओस पडला, आणि सगळं भवन हसायला लागलं. गिरणीवाल्याची म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई, हा भोंगा कुठल्या गावचा? आपल्याकडे कधी झाला?" मीसुद्धा हसले. रात्री बारा ते चार घराबाहेर पडायची बंदी आणि ती सुरू झाल्याचा भोंगा सेऊलला होता, बाकी देशात होता, पण आमच्या जिल्ह्याला कुठूनही समुद्र लागत नाही. बोटीतून उत्तर कोरियाचे हेर यायचे ते इथे कुठून येणार? म्हणून सरकारने आमची बंदी कितीतरी वर्षं आधीच उठवली होती. आम्ही त्या काळात रात्रभर मोकळे फिरायचो. शेजारच्या जिल्ह्यातले दारुडे नदी ओलांडून प्यायला इकडे यायचे. एवढी मोठी चूक तू कशी केलीस, म्हणून मी मनातल्या मनात तुझे कान उपटत होते.

आणि मग किटली दिसली.

ती किटली गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हसू तिथल्या तिथे थांबलं. खून करून आलेला माणूस त्या किटलीने हातांवर पाणी घेत होता. पोचा डाव्या बाजूला होता. तेव्हा सगळ्यांना एकदम समजलं की पडद्यावर मारली गेलेली म्हातारी आमच्या गावची जिन आजी आहे, तिचं दारूचं दुकान गिरणीशेजारचं आहे, आणि तो माणूस तिच्या खुनासाठी तुरुंगात गेलेला माझा सख्खा भाऊ किबेक आहे. दिवे लागल्यावर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. परत येताना ट्रॅक्टरवर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती.

तुला माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तू माझ्या आईचं स्वयंपाकघर माझ्याचकडून मागून नेलंस आणि त्यात माझ्या भावाला खुनी म्हणून उभं केलंस. जे मी प्रेमाने सांगितलं त्यातलं एकही तू चुकवलं नाहीस. चुकवलं असतंस तर बरं झालं असतं.

पुन्हा लिहू नकोस.

सुनदोक


सेऊल, १४ जून २००५

आत्या,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहितेय. नाही वाचलंत तर चुलीत घाला.

मला माहीत होतं. पण बाबांनी आम्हाला सांगितलं होतं की किबेककाका तुरुंगातच वारले. मला वाटलं, आता दुखावायला कुणी उरलेलं नाही, नावंही बदलली आहेत. आणि काम हवं होतं. असं काम दहा वर्षांत एकदा येतं. हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशानेही मी सुटत नाही.

भोंग्याचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये चित्रपट थिएटरांत लागल्यावर तुमच्या जिल्ह्यातून कंपनीकडे ढीगभर तक्रारी आल्या. इंटरनेटवर लोकांनी आमची चुकांची जंत्रीच केली, आणि भोंगा पहिला. हाम साहेबांना कोण विचारणार? दिग्दर्शकाने बैठकीत माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांनीच बघितलं. आमच्या धंद्यात वरच्याची चूक खालच्याने उचलायची असते, ते कुणी शिकवावं लागत नाही. मी लेखी माफी मागितली, 'भोंगा माझ्या अज्ञानामुळे घातला गेला' अशी. कंपनीने ती छापली. डीव्हीडीतून आणि टीव्हीच्या प्रतीतून भोंगा काढून टाकला. मी स्वतः बसून तो सांधा जुळवला. आता कळतही नाही की तिथे काही होतं.

पण आत्या, ती चूक माझी नव्हती. हाम साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांचे शब्द असे होते : "भोंगा वाजला की रस्ता साफ. पोरगा गिरणीत दबा धरून बसला होता. भोंगा झाल्यावर बाहेर पडला, म्हणून तर गावात कुणी त्याला बघितलं नाही. त्यानेच कबूल केलं माझ्यापुढे. त्या भोंग्यावरच तर खटला उभा राहिला." मी घाबरत विचारलंही, तिथे भोंगा होता का साहेब? ते म्हणाले, "पोरी, तू तेव्हा पाळण्यातही नव्हतीस."

तुम्ही मला निदान तेवढ्या चुकीसाठी तरी हसू नये, म्हणून लिहिलं.

मिरान


गामगोल, १९ जून २००५

मिरान,

तुझं पत्र काल आलं. चुलीजवळ नेलं, आणि मग चुलीजवळच बसून वाचलं. चार वेळा वाचलं.

तुझ्या बापाने खोटं सांगितलं. किबेक जिवंत आहे. सोळा वर्षं आत होता. सुटला तेव्हा माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मी त्याला घरी आणलं. गेली चौदा वर्षं तो पलीकडच्या खोलीत आहे. माझी गामची झाडं बघतो, कुणाशी बोलत नाही, आणि अंधार पडला की दाराबाहेर पाऊल टाकत नाही. आणलं खरं, पण त्याचं जेवण मी नेहमी वेगळ्या चौरंगावर देते. का, ते सांगते.

जिन आजी गेली त्या तिथीला दर वर्षी हा तिचं श्राद्ध घालतो. स्वतः भात शिजवतो, वाडगा भरतो, त्यात चमचा उभा खोचतो, तिला यायला दार किलकिलं ठेवतो, आणि कपाळ जमिनीला टेकवून कितीतरी वेळ पडून राहतो. परक्या म्हातारीचं श्राद्ध कोण घालतं? मी पहिल्या वर्षी ते बघितलं आणि मनात म्हटलं, म्हणजे यानेच केलं. त्याआधी मला आशा होती. श्राद्धाचं जेवण सगळ्यांनी वाटून खायचं असतं, पण त्या पानातलं मी कधी तोंडाला लावलं नाही.

खटला सेऊलला चालला, कारण खुनानंतर सहा महिन्यांनी त्याला तिथेच पकडलं. तो तिथल्या योंगदुंगफो भागात लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला होता. पोलीस तिथले, वकील तिथला, न्यायाधीश तिथला. सगळे रोज रात्री भोंगा ऐकून झोपणारे. आमच्याकडून एकटी आई गेली होती, तिला एक अक्षर कळलं नाही. मी तेव्हा बाळंतीण होते. त्या कबुलीत भोंगा होता हे तीस वर्षांत मला आज कळतंय, आणि तेही तू माफी मागितलेल्या चुकीतून.

संध्याकाळी तो अंगणात लसूण निवडत होता. मी शेजारी बसले.

"किबेक, त्या रात्री भोंगा झाला होता का रे?"

"झाला होता."

"तू ऐकलास?"

"ऐकला. भोंगा झाला. रस्ता मोकळा झाला. मग मी गिरणीतून निघालो." पोराने मास्तरांपुढे धडा म्हणून दाखवावा तसं तो म्हणाला.

"आपल्या गावात भोंगा कुठे होता?"

"वाजायचा ना. रोज वाजायचा. खिडकीतून आवाज यायचा."

"कुठल्या खिडकीतून?"

"खोलीच्या. त्या कारखान्यावरच्या..." आणि त्याचे हात थांबले.

मी म्हटलं, "तेव्हा गामचे दिवस होते. रस्त्यावर दिवे घेऊन बायका फिरत होत्या. रस्ता कधी मोकळा झालाच नव्हता. तू बाहेर पडला असतास तर वीस जणींनी तुला बघितलं असतं. आई म्हणायची, सकाळी तू पेंढ्यात सापडलास, दारूचा वास मारत होता आणि अंगावर दव होतं."

"मला काही आठवत नव्हतं ताई. मी प्यालो होतो. ते म्हणाले, आम्ही सांगतो, तू आठव. रोज सांगायचे. झोपू द्यायचे नाहीत. मग आठवलं."

लसणाच्या साली वाऱ्याने उडाल्या, त्या त्याने गोळाही केल्या नाहीत.

मग म्हणाला, "ताई, भोंगा जर तिकडचा होता, तर बाकीचंही तिकडचंच असेल का?"

मला रडू आवरलं नाही. तीस वर्षं हा माणूस स्वतःला खुनी समजत होता, आणि मी त्याला दुजोरा देत होते, रोज दोन वेळा, वेगळ्या चौरंगावर.

आता तू ऐक. खटला पुन्हा उघडता येतो असं टीव्हीवर सांगतात. तू तो भोंगा स्वतःच्या कानांनी त्या हामच्या तोंडून ऐकलास. तू उभी राहा. मला तुझी माफी नको आहे, तुझी साक्ष हवी आहे.

आत्या


सेऊल, ८ सप्टेंबर २००५

आत्या,

उत्तराला उशीर झाला, कारण चांगलं काहीतरी हाती लागेल म्हणून थांबले होते.

वकील चांगला मिळाला, असे खटले करणारा. त्याने जुन्या निकालाची नक्कल मिळवली. त्यात एवढंच आहे की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि कबुली विश्वसनीय वाटते. बाकी कागद मुदत संपल्यावर नष्ट केलेत. कबुलीत भोंगा होता हे सांगू शकेल असं आता एकच माणूस आहे, हाम साहेब. आणि ते तसं म्हणाले हे सांगू शकेल अशी मी.

वकील आणि मी साहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने जवाचा चहा दिला. साहेब फार प्रेमाने बोलले. म्हणाले, "भोंगा? मी कशाला सांगेन? त्या जिल्ह्यात बंदी नव्हती हे पोलिसाला माहीत नसेल होय?" मग उठून आत गेले आणि माझ्या माफीचं छापील पान घेऊन आले. घडी घालून ठेवलं होतं. "पोरी, हे तूच लिहिलंस ना? अज्ञानामुळे घातला म्हणून? मग आता कुणाचं ऐकून माझ्यावर घालतेस?"

वकिलाने बॅग बंद केली. जिन्यात मला म्हणाला, "तुम्ही खरं बोलताय हे मला कळतं. पण कोर्टापुढे तुम्ही आधीच एक उत्तर देऊन बसला आहात." अर्ज करता येईल, पण तो परत येईल, आणि एकदा परत आला की दुसऱ्यांदा दार आणखी घट्ट होतं, म्हणून तो थांबा म्हणतोय. दुसरं काही सापडेपर्यंत.

दिग्दर्शकाला विचारलं. त्याला आठवत नाही. त्या खोलीत आणखी पाच जण होते. त्यांनाही आठवत नाही. पुढच्या चित्रपटाला मला बोलावलेलं नाही. सल्लागाराच्या घरी वकील घेऊन जाणारी मुलगी कुणाला हवी असते?

खेड्यातल्या गामच्या रंगावरून मी तीन तासांचं काम पुन्हा करायला लावलं, आणि भोंगा मात्र माझ्याच हातांनी पुसला. तिथे एक चूक शिल्लक राहायला हवी होती. मला झोप लागत नाही आत्या.

काकांना काय सांगाल?

मिरान


गामगोल, १ नोव्हेंबर २००५

मिरान,

त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याच्याशी पुष्कळ लोक तीस वर्षं खोटं बोलले, त्यात माझी भर नको. तो म्हणाला, "त्या पोरीला म्हणावं, जेव." एवढंच. मग बादली घेऊन झाडांकडे गेला.

माझा राग गेलेला नाही, हे तुला माहीत असू दे. पण तो आता तुझ्या एकटीच्या वाट्याचा नाही. बराचसा माझ्याकडेही वळतो. हाममध्ये आणि माझ्यात फरक एवढाच, की त्याने ते किबेककडून वदवून घेतलं आणि मी न विचारताच मान्य केलं.

गावात काही बदललं नाही. गिरणीवाल्याच्या म्हातारीला मी भोंग्याचं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली, हो हो म्हणाली, आणि सोलायला मात्र आमच्या अंगणात आली नाही. कुणीच आलं नाही. दोघांनी मिळून जेवढी होतील तेवढी सोलली, बाकीची झाडावर कावळ्यांना.

परवा जिन आजीची तिथी होती. मी मनात धरलं होतं की यंदा तो काही करणार नाही. संध्याकाळी बघते तर भात चुलीवर. मी विचारलं, "आता कशाला रे? तू तर काही केलं नाहीस."

म्हणाला, "चौदा वर्षं बोलावतोय तिला. तिला दुसरं आहे कोण? ती येईल आणि दार बंद बघून परत जाईल."

वाडगा भरला, चमचा खोचला, दार किलकिलं केलं. दर वर्षी कपाळ टेकवून पडून राहतो तसा यंदा राहिला नाही. दोन वेळा वाकला, जसं कुणीही वाकतं तसं, आणि सरळ बसला. मग दाराकडे तोंड करून बोलला. श्राद्धाला तो कधी बोलत नसे.

"आजी, तो मी नव्हतो. कोण होता ते तुम्हालाच माहीत. जेवा."

थोड्या वेळाने त्याने वाडगा उचलला आणि सवयीने स्वतःचा चौरंग वेगळा मांडायला निघाला. मी त्याच्या हातातून चौरंग काढून घेतला आणि भिंतीला उभा करून ठेवला. त्याच्या समोर बसले, आणि त्या म्हातारीच्या वाडग्यातला भात आम्ही दोघांनी खाल्ला. गार झाला होता. जव त्याने अजून त्या काळासारखेच जास्त घातले होते.

आत्या